भाड्याच्या घराची घरभरणी

हळद मोडत बसलो होतो आपण. तू भिंतीच्या सावलीला, मी उन्हात, मधी ओल्या हळदीचा ढीग. गड्डा एकीकडं, हळकुंडं एकीकडं. तुझा हात माझ्यापेक्षा जलद. तुझी पाटी भरली की तू माझ्या पाटीकडं बघायचीस आन् काही न बोलता हसायचीस. त्या दिवशीबी हसलीस. मंग म्हणलीस, "हे घर विकून पैसे देऊन टाका वो आपल्या संज्याला. घेऊ द्या त्याला मुंबईत घर."

मी म्हणलं, "मंग हे काय हाय? गोठा हाय का?"

"तो इथं झोपतो का? जिथं माणूस रोज झोपतो ते त्याचं घर."

"त्यानं तिथं झोपावं म्हणून मी रस्त्यावर झोपू?"

"तुमच्यासंगं बोलण्यात काई अर्थ न्हाई. पाणी पिऊन येते."

एवढं बोलून उठलीस. गुडघ्यावर हात दाबून, नेहमी उठायचीस तशी. मी वर बघितलं न्हाई. राग आलता मला. हळद मोडता मोडता मी तुझ्यासाठी उत्तर जुळवून राहिलो होतो. चांगलं जुळलं होतं. तू परत आलीस की तोंडावर मारणार होतो. तू आलीच न्हाईस. मी हाक मारली, "पाणी पिती का विहीर उपसती?" तरी आवाज न्हाई. आत जाऊन बघितलं तर माठाला टेकून बसलेली, तांब्या मांडीत, पाणी सांडून लुगडं ओलं झालेलं.

कौसे, ते उत्तर माझ्याजवळ तसंच पडून हाय. आता मी ते कोणाला देऊ?

तुला वाचता येत न्हवतं आन् मला चौथीपुरतं येतं. म्हणून मी एक एक ओळ आधी मोठ्यानं बोलतो आन् मंग लिवतो, म्हंजे तुला ऐकू जाईल. शेजारची म्हणून राहिलीत, म्हातारं एकटंच बोलतंय. बोलू दे. तू होतीस तवाबी मी एकटाच बोलत होतो, तू कुठं ऐकत होतीस.

भेटायला माणसं येऊन राहिली. सगळ्यांचं एकच. सोन्यासारखं मरण आलं बाईला, हिंडती-फिरती गेली, आपल्या घरात गेली. हिंडती-फिरती गेली याच्यात मला काय सोनं दिसत न्हाई. हिंडती होती तर अजून हिंडली असती. पर आपल्या घरात गेली, हे मातर मी मान खाली घालून ऐकतो. त्याची किंमत गावातल्या लोकांना ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाय. मुंबईला माणसाला मरायचीबी परवानगी काढावी लागती.

आपण तिथं गेलो ते नातीला सांभाळायला. संज्या कामाला, सून मनीषा कामाला, लेकरू दिवसभर कुणाच्या तरी दारात. संज्यानं घर भाड्यानं घेतलं होतं. एक खोली आन् सैपाकाचा ओटा, आन् खिडकीच्या जाळीत कपडे. एजंटाला पैसे, मालकाला डिपॉझिट, वरून दर महिन्याला भाडं. ते भाडं ऐकून मी संज्याला म्हणलं, "एवढ्यात आपल्याकडं एकरभर रान सालभर ठोक्यानं भेटतं. आन् रान पोटाला घालतं. हे घर काय पिकवतं?" संज्या म्हणला, "बाबा, हळू बोला." तिथं सगळं हळूच बोलायचं. खाली राहणारीला आपल्या खलबत्त्याचा आवाज जायचा. आपण जेवत होतो हे तिला कळायचं, याचंच तिला दुखत होतं.

आन् तुला तिथं घरभरणी सुचली.

मी म्हणलं, "भाड्याच्या घराची कुठं घरभरणी असती का?"

तू म्हणलीस, "घर हाय ना? मंग घरभरणी हाय."

पुरण घातलं. डाळ गावाकडून आणलेली, गूळ गावाकडचा, हळद आपल्या रानातली. शेजाऱ्याला वाटी दिली असतीस तर मी गप बसलो असतो. तू तर घरमालकालाच जेवायला बोलवायचं काढलंस. वरून टॉवेल-टोपी. आपल्याकडं पाहुण्याला मानाची करतेत तशी. संज्याला पाठवलंस टोपी आणायला, आन् त्याला अर्धा दिवस हिंडूनबी मिळेना, कारण त्या गावात टोपी घालतंय कोण?

"भाडं देतो ना आपण?" मी म्हणलं. "मंग त्याचा मान कशाचा? सोयरा हाय का तो आपला?"

"त्याच्या भिंतीत राहणार आपण. तो या घराचा धनी हाय. धन्याला पहिलं पान वाढल्याबिगर चूल पेटवायची व्हय?"

"चूल न्हाई ती. गॅस हाय."

"तुमी गप बसा."

संज्या म्हणला, "माय, इथं असलं कोणी करत नसतंय."

"तूबी गप बस. बाप कसा गप बसला बघ."

आला तो माणूस. हाफ चड्डीत आला. घरभरणीला हाफ चड्डीत! तू डोक्यावर पदर घेऊन त्याच्या पायावर पाणी घालायला निघाली होतीस, तर तो म्हणला, नको नको, मी पार्किंगमधूनच आलोय. पाट न्हवता म्हणून तू वाकळीची घडी घातलीस. तो मांडी घालून बसला तर त्याचं पोट मांडीवर. पोळ्या खाल्ल्या. तूप मागून घेतलं. "आई, एकदम गावाची चव," म्हणला. तू फुललीस. त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायला लावलास मला. टोपीबी मलाच ठेवायला लावलीस. माझे हात थरथरून राहिले होते, रागानं. तू सगळ्यांना सांगायचीस, मायेनं थरथरले म्हणून. रागानं, कौसे. आज सांगतो.

त्यानं मोबाईलमधी स्वतःला बघितलं, हसला, आन् संज्याला विचारलं, "आई-बाबा किती दिवस आहेत इथं?"

संज्या म्हणला, "येऊन-जाऊन असतात."

तेवढ्यात तू ओट्यापासून म्हणलीस, एवढ्या मोठ्यानं की खालच्या बाईलाबी गेलं असंल, "येऊन-जाऊन कशाला? आता तुमच्याच छायेत राहणार आमी, मरेपर्यंत!"

तू मानानं बोललीस. आपल्याकडं कोणाच्या दारात उभं राह्यलं की असंच बोलतेत. तो माणूस मातर चावायचा थांबला. मी बघितलं. घास तोंडात आन् डोळे तुझ्याकडं. मंग माझ्याकडं. आपल्या दोघांचं वय मोजत होता तो.

खाली उतरताना जिन्यात तो संज्याला जे बोलला, ते मी ऐकलं. मी त्याला पोचवायला मागून चाललो होतो, तुझ्याच सांगण्यावरून. "अॅग्रीमेंटमध्ये तिघांची नावं आहेत," तो म्हणला. "आणि वय झालेली माणसं. उद्या घरात काही झालं, तर पुढचा भाडेकरू विचारतो. मग फ्लॅट लवकर जात नाही." तुझी टोपी त्याच्या डोक्यावरच होती. तुझं पुरण त्याच्या पोटात होतं.

पुढं तुला ठाऊक हाय. एजंटाचा फोन आला. भाडं वाढवा न्हाईतर खाली करा. आन् वाढवलेलं भाडं असं, की आपल्या एकराची सालभराची हळद विकली तरी त्याचं साल निघत न्हवतं. संज्या फोन ठेवून म्हणला, "माय, तुझ्या टोपीनं घर गेलं."

बस, तेवढंच म्हणला. तू भांडी घासायला घेतलीस. घासलेलीच भांडी परत घासलीस.

निघताना मालकानं ओट्यावरचे पिवळे डाग दाखवून डिपॉझिटमधून कापून घेतलं. निघत न्हवतेच ते डाग. आपण दोघांनी लिंबू लावून घासले, साबण लावून घासले. दुकानातली हळद असती तर डाग निघाले असते, ही आपल्या रानातली होती. टेम्पोत सामान भरताना गेटावरचा वॉचमन तुझी टोपी घालून बसला होता. टॉवेलनं एक माणूस मालकाची गाडी पुसून राहिला होता. मी उतरून जाणार होतो. तू माझा सदरा धरलास. "कामाला आला ना टॉवेल," म्हणलीस. "पडून राह्यला असता त्यापेक्षा बरं."

तुझ्या या बोलण्याचा मला जन्मभर संताप आला. आजबी येऊन राहिला. कोणी तुझ्या ताटात थुंकलं तरी तू म्हणली असतीस, बिचाऱ्याला खोकला झाला असंल.

दुसरं घर आणखी लांब. तिथं एजंटानंच शिकवून ठेवलं, म्हाताऱ्या माणसांना गेस्ट सांगा. म्हंजे पोराच्या घरात आईबाप पाहुणे. मालकीण भाडं न्यायला आली की आपण आधीच खाली जाऊन गेटाजवळच्या कट्ट्यावर बसायचो, नातीला घेऊन. ती लहान, तिला वाटायचं खेळ हाय. "आजी, लपायचं का?" म्हणायची. रानातून हाक मारली तर गावात ऐकू यायची अशी तू, त्या घरात पदराचा बोळा तोंडाला लावून खोकायचीस. मी तुला एकदा म्हणलं, "खोक ना मोठ्यानं. खोकल्याचंबी भाडं लागतंय का?" तू हसलीस आन् हसताना परत खोकला आला, आन् परत पदर.

तिसऱ्या घराच्या टायमाला तर आपली वरातच निघाली. कोणी आडनाव विचारलं, कोणी मटण खाता का विचारलं, कोणी किती माणसं विचारलं. एका बाईनं दार अर्धं उघडून मला वरून खालपर्यंत बघितलं आन् म्हणली, घर गेलं. घराची चावी तिच्या हातातच होती. शेवटी जे भेटलं ते असं, की रिक्षावाला अलीकडंच थांबला आन् म्हणला, पुढं रस्ता न्हाई. तरीबी पहिल्या घरापेक्षा भाडं जास्त. लांब गेलं की स्वस्त होतं, असं आपल्याला वाटायचं. तिथं लांब गेलं की फकस्त लांब जातंय.

त्या घरात संज्यानं एका रविवारी चहा पिता पिता म्हणलं, "तुमी थोडे दिवस गावाकडं राहता का?" त्याला बोलताना त्रास होत होता, हे मला दिसत होतं. तरी मी त्याला बोलू दिलं, मला त्याच्या तोंडून पुरतं ऐकायचं होतं. पर तू मधीच म्हणलीस, "व्हय रे, मी तेच म्हणणार होते. हळदीचं कोण बघणार?" पोराला सोडवलंस. मला अडकवलंस.

आन् गावात येऊन काय सांगितलंस? तिथलं पाणी मानवलं न्हाई! मी पारावर बसून खरं ते सांगून टाकलं, की मुंबईत आमाला पाहुणे म्हणून लपवून ठेवलं होतं. तू माझ्याशी बोलणं टाकलंस. पोराची लाज काढली म्हणून. मी पोराची न्हाई काढली. मी त्या गावाची काढली. जिथं घर बांधणाऱ्याला घर न्हाई, घर झाडणारीला घर न्हाई, आन् ज्याला चार-चार घरं हायेत तो हाफ चड्डीत येऊन जेवून जातो, त्या गावाला लाज असती तर मी कशाला काढली असती?

मागच्या वर्षी हळद घेऊन हिंगोलीला गेलो होतो. माल लावला, हिशोबाची पट्टी घेतली, तू म्हणलीस, कापडाच्या दुकानात चला. मला वाटलं लुगडं घेती. तू कडक पांढरी टोपी काढायला लावलीस आन् त्यातल्या त्यात भारी टॉवेल.

मी म्हणलं, "आता कोणाला? परत कोण्या मालकाला जेवू घालायचंय का?"

"संज्याला."

"संज्याला कशाची?"

"त्याच्या घराच्या घरभरणीला. सोताच्या. त्या दिवशी तो धनी असंल. त्याला पाटावर बसवीन."

दुकानदार ऐकत होता. मी त्याच्या देखतच म्हणलं, "त्याचं घर आपल्या गावात, डोंगरकड्याला हाय. रोडला लागून हाय. इथंच बसव त्याला पाटावर, आजच बसव, मी मोकळा होतो."

तू म्हणलीस, "तुमाला कळायचं न्हाई."

दुकानदार म्हणला, "बाबा, पॅक करू का नको?" तू म्हणलीस, कर. ती टोपी आपल्या पेटीत पडून राहिली. तू मधी मधी काढून बघायचीस, कसर लागली का म्हणून. मी बघायचो न्हाई असं तुला वाटायचं.

मंग या साली संज्यानं घर बुक करायचं काढलं. बांधून व्हायचंय अजून, नुसता खड्डा हाय, तरी पैसे आताच पायजेत. बँक कर्ज देती, पर आधी आपले घाला म्हणती. त्याच्याजवळ कुठले? भाड्यात गेले सगळे. म्हणून गावातलं घर विकायचं. रोडला लागून, इथं आता गाळे बांधायचं येड शिरलंय सगळ्यांना, हिंगोलीचं एक गिऱ्हाईक पाहिजे तेवढे द्यायला तयार. म्हंजे आपली भिंत पाडून तिथं तो गाळे बांधणार आन् डोंगरकड्याच्या पोरांकडून डिपॉझिट घेणार. तो रोग आता इथंबी येऊन राहिलाय, कौसे.

मी न्हाई म्हणलं. तू व्हय म्हणलीस. रोज म्हणलीस. चहाला म्हणलीस, भाकरीला म्हणलीस, हळद मोडताना म्हणलीस. मी एकदा चिडून विचारलं, "तुला काहून एवढी घाई त्याच्या घराची? तू राहणार हाईस का तिथं?" तवा तू खाली बघून म्हणलीस, "त्याचं एक घर माझ्यामुळं गेलंय."

एवढी वर्षं झाली, तू ते धरून बसली होतीस. घासलेली भांडी परत घासून राहिली होतीस. आन् तवा मी जे बोलायला पायजे होतं ते बोललो न्हाई. गाय सुटली होती, तिच्यामागं गेलो. म्हणून आता बोलतो, नीट ऐक. घर तुझ्यामुळं गेलं न्हाई. तू पुरण घातलंस, त्यानं खाल्लं. तू मान दिलास, त्यानं घेतला. खाऊन उठून ज्यानं तुझ्या मरणाचा हिशोब केला, घर त्याच्यामुळं गेलं. तुझी टोपी बराबर होती. डोकं नासकं होतं. संज्या त्या दिवशी जे बोलला ते त्यानं त्या मालकाला बोलायला पायजे होतं. त्याला बोलायची हिंमत न्हवती, म्हणून मायला बोलला. मायला बोलायला भाडं लागत न्हाई.

संज्या, मनीषा आन् नात तुला पोचवायला टायमात आली. पोरगं रडलं. खोटं कशाला बोलू, लई रडलं. तुझे पिवळे हात धरून बसलं. धुतले तरी पिवळेच होते ते. बाया म्हणल्या, राहू द्या.

आपल्याच रानात तुला अग्नी दिला. राख सावडली, माणसं पांगली, आन् संध्याकाळी ओसरीवर संज्या माझ्याजवळ येऊन बसला. मला कळलं. पोरगं असं गुडघे जवळ घेऊन बसलं की काहीतरी मागायचं असतंय. लहानपणी जत्रेला पैसे मागायचा तसाच बसला.

"बाबा, एकटे काय करणार तुमी इथं?"

"जे तुझी माय असताना करत होतो ते. हळद."

मनीषा म्हणली, "बाबा, आमच्याकडं चला." पोरगी मनानं वाईट न्हाई. तू सांगायचीस तेच खरं हाय, ती दिवसभर राबून येती आन् तरी पहिला चहा सासूला देती.

मी म्हणलं, "कोण्या नात्यानं येऊ? गेस्ट म्हणून?"

ती आत गेली. मंग संज्या म्हणला, "उद्या सकाळी ते हिंगोलीवाले येणार हायेत. नुसते बघायला. मायची पण तीच इच्छा होती, बाबा. तुमाला ठाऊक हाय."

तेच तर, कौसे. खोटं बोलला असता तर मी काठी घेतली असती. खरं बोलला. तू मरून त्याच्या बाजूनं उभी राहिलीस आन् मला एकट्याला इकडं ठेवलंस. मी उठलो आन् गाईला पाणी दाखवलं.

सकाळी उठलो. गिऱ्हाईक यायच्या आधी मला काम होतं. तुझी पेटी उघडली. टोपी काढली, टॉवेल काढला. कसर लागली न्हवती. माळ्यावरचा पाट उतरवला, तो धूळ खाऊन काळा झालता. मनीषानं न सांगता माझ्या हातातून घेतला आन् धुऊन आणला. कशाला पायजे हे तिनं विचारलं न्हाई. टोपी दिसली तवा मातर म्हणली, "बाबा, सुतक हाय."

"मला ठाऊक हाय," मी म्हणलं.

ओसरीवर पाट मांडला, पूर्वेकडं तोंड करून. संज्याला म्हणलं, बस. तो म्हणला, "काय चाललंय बाबा?" मी म्हणलं, बस. बसला. शेजारणीनं आणलेली भाकरी होती आन् पिठलं. सुतकात पुरण कुठलं? ते त्याच्या पुढं ठेवलं. खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. या वेळी हात थरथरले न्हाईत.

"तुझ्या मायनं घेतली होती," मी म्हणलं. "तुझ्या घराच्या घरभरणीला. तुझं घर हेच हाय असं माझं म्हणणं, न्हाई असं तिचं म्हणणं. ती गेली, आता भांडण मिटवायला मी एकटाच हाव. आजपासून या घराचा धनी तू. विकायचं तर तू विक, तुझ्या तोंडानं सांग त्यांना. मी सही करतो. मी आता भाडेकरू. भाडं काय ते सांग."

"बाबा, काय बोलताय?"

"खाली कधी करायचं ते सांग. आन् न्हाई करायचं म्हणलास, तर तुझ्याच छायेत राहणार मी, मरेपर्यंत. चालंल का?"

ते ऐकून संज्याचा घास थांबला. तोंडात भाकरी आन् डोळे माझ्याकडं. मी त्या हाफ चड्डीवाल्याला बघितलं होतं तसंच त्याला निरखून बघितलं, आता हा काय मोजतोय म्हणून. हा काही मोजत न्हवता, कौसे. हा तुझा आवाज ऐकत होता. त्या दिवशी ओट्यापासून आलेला. मनीषा दाराच्या आड उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

भाकरी तशीच ठेवून तो अंगणात गेला. फोन लावला. मी कान देऊन ऐकलं, मी काय संत हाव का. "आज येऊ नका," म्हणला. "आज" म्हणला. कधीच येऊ नका असं म्हणला न्हाई. मला ऐकू आलंय, मी काही भोळा न्हाई तुझ्यासारखा.

मी ढिगाकडं गेलो. तू मोडायची ठेवलेली हळद तशीच होती, वरची वाळून राहिली होती. पाटी ओढली आन् माझ्या जाग्यावर बसलो. थोड्या वेळानं संज्या आला. टोपी डोक्यावर तशीच. समोर बसला आन् मोडायला लागला. त्याला काय जमतंय, गड्डा आन् हळकुंडं सगळं एकाच पाटीत. मी शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या, पाटी उलटी केली आन् परत निवडायला लागला.

मंग मला दिसलं, तो भिंतीच्या सावलीला बसलाय, तुझ्या जाग्यावर.

मी म्हणलं, "तिथून ऊठ. उन्हात बस."